कुपवाडात बनवून घेतलेला फेज-टू-फेज एसएमपीएस: वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकतो. तुम्हाला २४ व्होल्ट ५ अँपिअरचा साधा एसएमपीएस (मेनच्या विजेतून ठरावीक डीसी देणारा स्विचिंग सप्लाय) हवा असेल तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जाळीदार पत्र्याच्या डब्यातला तयार माल मिळतो, तो घ्या आणि कामाला लागा. बनवून घेण्याचा खटाटोप ज्याचं काम तयार मालात बसत नाही त्यानेच करावा.

माझं बसत नव्हतं. मी शेतीच्या मोटारीचे मोबाईल स्टार्टर बनवतो. शेतकऱ्याने घरून मिसकॉल दिला की मोटार चालू, दुसरा दिला की बंद. फेज गेला, पाणी तुटलं, मोटार ट्रिप झाली की पेटी मेसेज करते. ऐकायला सोपं वाटतं. पण विहिरीवर किंवा नदीकाठी स्टार्टरपर्यंत येतात तीन वायरी, म्हणजे तीन फेज: आर, वाय, बी. न्यूट्रल नसतोच. मग २३० आणायचे कुठून? तयार एसएमपीएसवर ८५ ते २६४ व्होल्ट असं छापलेलं असतं. त्याला दोन फेजमधले ४१५ दाखवले की आतले कपॅसिटर फुटून पेटीत कापूस पसरतो.

म्हणून या धंद्यातले बहुतेक जण ४४०/१२ चा लोखंडी ट्रान्सफॉर्मर टाकतात. मीही तेच टाकत होतो. तो मरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण इनपुट जसं हलेल तसं आउटपुट हलतं. आमच्या पलूस-तासगाव पट्ट्यात डीपीपासून लांब, लाइनीच्या टोकाला असलेल्या मोटारीवर भर लोडात फेज-टू-फेज २८० सुद्धा बघायला मिळतं आणि रात्री सगळ्यांच्या मोटारी बंद झाल्या की तोच काटा ४६०-४७० वर. म्हणजे खाली मॉडेमला पुरत नाही आणि वर रेग्युलेटर तव्यासारखा तापतो. जीएसएम मॉडेम हे नखरेल प्रकरण आहे. माझ्या सिम८०० मॉडेमला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना तो ५७७ मायक्रोसेकंदांच्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतो. त्या झटक्याला व्होल्टेज ३.४ च्या खाली बसलं की मॉडेम रीसेट. शेतकरी फोन करतो, "तुमची पेटी झोपली."

तयार मालात एक पर्याय खरंच आहे. मीन वेल कंपनीची डब्ल्यूडीआर मालिका १८० ते ५५० व्होल्ट एसीवर, दोन फेजवर चालते. माल उत्तम. तुम्हाला कारखान्यात एखाद-दुसरं पॅनेल करायचं असेल तर डोळे झाकून तीच घ्या. मला लागतात १५ वॅट, आणि तिची किंमत माझ्या स्टार्टरच्या गणितात कुठेच बसत नाही.

अशा अडचणीत मी कुपवाड एमआयडीसीतल्या या वर्कशॉपमध्ये पोचलो. नाव मुद्दाम देत नाही, कारण मालकांनी, म्हणजे काकांनी, हात जोडले. म्हणाले, "नाव छापू नका ओ, आहे तेच काम वेळेत निघंना." सांगलीत पॅनेल बनवणाऱ्यांना विचारलंत तर रस्ता कळेल. पत्र्याची शेड, पुढे वाइंडिंगची मशीन, मागे सोल्डरिंगचं टेबल, कोपऱ्यात वार्निशचा वास मारणारा ओव्हन. काका पूर्वी पुण्याला यूपीएसच्या लाइनीत होते. वाइंडिंगला दोन ताई आहेत आणि पीसीबी भरायला एक पोरगा, डिप्लोमा झालेला.

आता या जागेची खरी खासियत सांगतो. तुम्ही गेलात आणि "१२ व्होल्ट १ अँपिअर बनवून द्या" म्हणालात, तर काका काही लिहून घेत नाहीत. एक झेरॉक्स कागद हातात देतात आणि चहा मागवतात. कागदावर प्रश्न. कमीत कमी व्होल्टेज किती, आणि त्या व्होल्टेजला पूर्ण लोड पाहिजे का? जास्तीत जास्त किती, आणि ते किती वेळ राहतं? लोड सरासरी किती, झटक्याचा किती, झटका किती वेळ? पेटी बंद की हवेशीर, मे महिन्यात दुपारी आत किती तापमान? आउटपुटच्या कुठल्या भागाला माणसाचा हात लागतो? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि खाली बॉलपेनने नंतर वाढवलेला एक प्रश्न: पाण्याखाली जाणार का?

हा शेवटचा प्रश्न २०१९ च्या पुरानंतरचा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या मोटारींच्या पेट्या पाण्याखाली गेल्या आणि नंतर चिखलाने भरलेले बोर्ड गोणीत घालून लोक काकांकडे आले होते. त्यांचं मत असं की कोटिंग दमट हवेपासून वाचवतं, पुरापासून नाही. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: सप्लाय आणि कंट्रोल बोर्ड दोन्ही ओढून काढता येणाऱ्या कनेक्टरवर बसवायचे. पाणी चढायला लागलं की मेन बंद करायचा, बोर्ड उपसायचे आणि घरी न्यायचे. मी ते केलं आहे. माझ्या पेटीतली लोकांना सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच निघाली, मोबाईलचं सगळं तंत्रज्ञान बाजूलाच राहिलं.

कागद भरायला मला वेळ लागला, कारण अर्धी उत्तरं मोजून आणावी लागली. मी एका गिऱ्हाइकाच्या पेटीत व्होल्टेज नोंदवणारा मीटर ठेवला, दुसऱ्याच्या पेटीत तापमानाचा. १८० ते ५२० व्होल्ट अशी रेंज शेवटी ठरली, वरखाली थोडी जागा धरून. काकांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं,

"एक फेज गेला की हा मेसेज कसा करणार?"

"आत बॅटरी आहे की."

"उन्हाळ्यात त्या पेटीत बॅटरी किती टिकती?"

"दीडेक वर्ष."

"मग दोनच फेज कशाला घेताय? तिन्ही घ्या. एसीचं डीसी करणाऱ्या पुलाला चाराच्या जागी सहा डायोड. कुठलेबी दोन जिवंत असले की झालं काम."

एवढंच. दोन डायोड जास्त घालून बॅटरीचा खर्च, तिचा चार्जर आणि दीड वर्षाने येणारी तक्रार असं सगळं गेलं. (प्रत्यक्षात डायोड बारा लागले, कारण १एन४००७ हजार व्होल्टचा असतो आणि विजेच्या झटक्याला काकांना प्रत्येक जागी दोन सिरीजला हवे होते. तरी तो डायोड म्हणजे चिल्लर आहे.) आणखी एक फायदा: तिन्ही फेज असताना पुलानंतरची लहर (डीसीतला चढउतार) १०० ऐवजी ३०० हर्ट्झची होते, त्यामुळे कपॅसिटरला आराम. मात्र कपॅसिटरची साइज दोन फेजवर चालण्याच्या हिशेबानेच धरायची, कारण फेज जाणार हे गृहीतच आहे.

मी तीन आउटपुट मागितले होते: रिलेला १२, मॉडेमला ४.१, कंट्रोलरला ५. तेही त्यांनी खोडलं. कारण फ्लायबॅकमध्ये (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग पलीकडे सोडणारी ही रचना) फीडबॅक एकाच आउटपुटवर नजर ठेवतो. टीएल४३१ (व्होल्टेज बघणारा आयसी) आणि पीसी८१७ (ती खबर प्रायमरीकडे पोचवणारा ऑप्टो) यांची जोडी १२ व्होल्ट धरून ठेवेल, पण रिले ओढला, सोडला की बाकीची दोन वाइंडिंग आपापल्या मर्जीने वरखाली होणार. मॉडेमचा झटका ४.१ च्या वाइंडिंगवर पडला तर फीडबॅकला पत्ताच नाही. त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरमधून एकच १२ काढा आणि पुढे आपल्या बोर्डावर व्होल्टेज खाली उतरवणारा छोटा बक कन्व्हर्टर लावा, त्याचा आयसी आणि कॉइल बाजारात तयार मिळते. माझ्या बोर्डावरचा खर्च थोडा वाढला, ट्रान्सफॉर्मर मात्र सोपा झाला.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांच्यासाठी आता आकडे देतो, कारण काका हिशेब लपवत नाहीत, तुमच्यासमोर कागदावर मांडतात. १८० व्होल्ट एसी म्हणजे पुलानंतर शिखराला २५४ डीसी. लहर धरून २३०. ५२० एसी म्हणजे ७३५ डीसी. १५ वॅट आउटपुट, एफिशियन्सी ७८ टक्के धरली की आत १९ वॅट. फ्रिक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झ. ती ६५ च का, हे मला तिथेच कळलं: वायरीतून बाहेर जाणाऱ्या विजेच्या गोंगाटाची, म्हणजे ईएमआयची, मर्यादा मानकांत १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ठेवली की मूळ आणि तिची दुप्पट १३०, दोन्ही त्या रेषेच्या खाली राहतात. कमीत कमी व्होल्टेजला ड्यूटी (दर चक्रात स्विच चालू राहण्याचा वाटा) ३० टक्के धरली, तर प्रायमरीचा (इनपुटकडच्या वाइंडिंगचा) शिखर करंट ०.५५ अँपिअर आणि इंडक्टन्स १.९३ मिलिहेन्री येतो. कोअर ईई२५, मधल्या पायाचं क्षेत्र ५२ चौरस मिलिमीटर. ९४ फेरे घेतले तर फ्लक्स ०.२२ टेस्लाच्या आत राहतो. पॉवर फेराइट गरम असताना ०.३९ च्या आसपास सॅच्युरेट होतं, म्हणजे मधे भरपूर जागा उरते. सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) १२ फेरे, ऑक्झिलरी (कंट्रोल आयसीला वीज देणारी) १४. कोअरमधला गॅप ०.३ मिलिमीटर.

ड्यूटी ४५ टक्के का नाही, असं मी विचारलं, कारण व्हिडिओंमध्ये सगळे तेवढीच धरतात. ते म्हणाले, ते २३० वाल्यांसाठी. ड्यूटी वाढवली की सेकंडरीतून उलटं दिसणारं व्होल्टेज वाढतं. ३० टक्क्यांना ते १०० च्या जवळ, ४५ ला १८८. मॉस्फेटला, म्हणजे चालू-बंद होणाऱ्या स्विचला, ७३५, अधिक हे, अधिक लीकेजचा काटा (सेकंडरीपर्यंत न पोचलेल्या फ्लक्समुळे उठणारा झटका), एवढं सगळं सोसायचं असतं. १०० धरले तरी बेरीज साडेनऊशेच्या पुढे जाते. त्यामुळे ६०० किंवा ८०० व्होल्टचा मॉस्फेट इथे कामाचाच नाही. दोन रस्ते होते: एक १५०० व्होल्टचा मॉस्फेट, नाहीतर दोन साधे एकावर एक. दुसऱ्याला पॉवर इंटिग्रेशन्स कंपनी स्टॅकफेट म्हणते आणि वीजमीटरमधल्या सप्लायसाठी तिने ते डिझाइन दिलेलं आहे. आम्ही पहिला रस्ता घेतला. पार्ट महाग, पण बोर्डावर भानगडी कमी.

ताईंचं काम बघण्यासारखं आहे. मी टेबलाशी स्टूल घेऊन बसलो होतो. बॉबिनवर आधी ४७ फेरे, म्हणजे अर्धी प्रायमरी, वायर वायरीला चिकटून, एकही फेरा दुसऱ्यावर चढू न देता. मग पिवळी टेप. "दादा, तीन पदर घालायचेत न्हवं?" हे त्यांनी चार्टवर लिहिलेलं असूनही विचारलं, आणि मला ते आवडलं. मग सेकंडरीचे १२ फेरे, तिहेरी इन्सुलेशनची जाड वायर दोन पदरी. पुन्हा टेप. मग राहिलेली ४७ प्रायमरी, वर ऑक्झिलरी. प्रायमरीच्या दोन अर्ध्या भागांमध्ये सेकंडरी अशी दाबून बसवली की लीकेज कमी होतो. वायर पिनवर आणताना ताई ती नखाने दाबून काटकोनात वळवतात आणि प्रायमरीची वायर सेकंडरीच्या पिनांकडच्या बाजूला फिरकूसुद्धा देत नाहीत. मग कोअरच्या दोन्ही बाहेरच्या पायांवर ०.१५ मिलिमीटरचा कागद. दुहेरी नव्हे, प्रत्येक पायाला एकच पदर, कारण फ्लक्सला मधला पाय आणि बाहेरचा पाय असा गॅप दोनदा ओलांडावा लागतो. एलसीआर मीटरवर आकडा बघत कोअर दाबायचा, टेप मारायची. शेवटी सेकंडरी शॉर्ट करून पुन्हा मोजायचं: ३८ मायक्रोहेन्री, म्हणजे २ टक्के लीकेज. न विभागता सरळ वाइंड केलेला एक नग त्यांनी मला तुलनेसाठी दाखवला, त्यात ९० च्या वर होता. तेवढी सगळी ऊर्जा स्नबरच्या (काटा शोषणाऱ्या सर्किटच्या) रेझिस्टरवर जळते, दर सेकंदाला पासष्ट हजार वेळा.

कागदाचा गॅप सँपलपुरता ठीक. लॉटला मी मधला पाय घासलेला कोअर मागितला, कारण कागद लावला की फ्लक्स बाहेरच्या पायांतूनही बाहेर डोकावतो आणि शेजारी माझा अँटेना आहे. थोडे पैसे वाढले.

सँपलबद्दल तक्रार आहे, आणि ती नीट सांगायला हवी. पहिलं सँपल चाललं, रेग्युलेशन छान, झटक्याला १२ व्होल्ट जागचे हलले नाहीत. पण वरच्या व्होल्टेजला तासभर चालवल्यावर बोर्डाचा एक कोपरा तपकिरी. स्टार्टअपचे रेझिस्टर. आत यूसी३८४२ हा कंट्रोल आयसी होता. त्याला जागं व्हायला १ मिलिअँपिअरपर्यंत लागतो, म्हणून २२० किलोओम घातलेले. २५४ व्होल्टला ते बरोबर बसतं, पण ७३५ ला त्याच रेझिस्टरवर जवळजवळ अडीच वॅट फुकट जळतात. १५ वॅटच्या सप्लायमध्ये अडीच वॅट नुसते उठण्यासाठी! ५२० व्होल्टची ओळ कागदावर माझ्या अक्षरात होती, आणि ते सँपल वर्कशॉपमध्ये ४१५ वरच तपासलं गेलं होतं. त्यांच्याकडे त्याहून जास्त व्होल्टेज द्यायची सोय नाही.

माझ्याकडे आहे, आणि तुम्हीही करू शकता. ०-२७० चा डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, त्याच्यापुढे ४४०/२३० चा जुना कंट्रोल ट्रान्सफॉर्मर उलटा जोडा. २३० च्या बाजूला २७० दिले की ४४० च्या बाजूला ५१५ च्या जवळ मिळतात. एक इशारा: या व्होल्टेजवर स्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावू नका. डिफरन्शियल प्रोब नसेल तर नुसतं आउटपुट बघा आणि तापमान मोजा, बाकी वर्कशॉपमध्ये बघा.

दुरुस्ती मात्र त्यांनी न कुरकुरता केली, पैसे मागितले नाहीत. यूसीसी२८सी४२ लावला, पिना त्याच, पण त्याला जागं व्हायला १०० मायक्रोअँपिअरसुद्धा जास्त होतात. २२० किलोओमच्या जागी दीड मेगओम आले, एक नव्हे, ओळीने चार रेझिस्टर, कारण १२०६ साइजचा एक एसएमडी रेझिस्टर २०० व्होल्टच सोसतो. आता तिथे हात लावला तर कोमट. बदल्यात एक गंमत झाली: कमी व्होल्टेजला मेन टाकल्यावर पेटी जागी व्हायला तीनेक सेकंद घेते. सुरुवातीला दोघा-तिघांनी "करंट येत नाही" म्हणून पेटी उघडली. आता झाकणावर स्टिकर आहे.

लॉटची तक्रार जास्त गंभीर. सँपलमध्ये आउटपुटला १०५ डिग्री, ५००० तासांचा कपॅसिटर होता. लॉटच्या अर्ध्या नगांत त्याच मूल्याचा, पण बारक्या व्यासाचा, २००० तासांचा निघाला. "मिळत नव्हता" हे उत्तर. इलेक्ट्रोलिटिकचा नियम असा की तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. माझ्या पेटीत कपॅसिटर ७५ डिग्रीपर्यंत जातो, म्हणजे छापलेल्या तासांच्या आठपट. ५००० चे ४०,००० तास होतात, साडेचार वर्षं. २००० चे १६,०००, दोन वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत. बाजारात दोन्हींच्या किमतीत रुपया-दोन रुपयांचा फरक. काकांनी बदलून दिले, पण ओळखलं मी. दुसऱ्या कुणी डोळे झाकून ते पेटीत भरले असते. तेव्हा ऑर्डर देतानाच पार्टची यादी कंपनी आणि पार्ट नंबरसकट, वाइंडिंगचा चार्ट आणि सर्किट, तिन्ही लेखी मागा. ते आपणहून देत नाहीत. मागितल्यावर मात्र देतात, आणि त्यासाठी वेगळे पैसे लावत नाहीत. हा कागद हातात असला की उद्या काका थकले तरी माझा माल अडणार नाही.

हायपॉटचंही (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासण्याचंही) तसंच. प्रायमरी ते सेकंडरी ३ किलोव्होल्टला एक मिनिट, अशी माझी अट होती. ते लॉटमधले थोडे नग उचलून तपासत होते. मी ऐकलं नाही. पेटीच्या बटणाला, अँटेनाला शेतकऱ्याचा हात लागतो, पाय चिखलात असतो आणि पलीकडे तीन फेज. नगामागे आठ रुपये जादा देऊन प्रत्येक नग तपासून घेतो आणि तपासलेल्यावर हिरवा ठिपका. डिझाइनमध्ये मात्र त्यांनी काटकसर केलेली नाही: ऑप्टोच्या खाली पीसीबीला खाच आहे, दोन बाजूंमध्ये ८ मिलिमीटर अंतर आहे.

वळवाच्या पावसात पेट्यांची खरी परीक्षा झाली. पुलाच्या आधी ५५० व्होल्टचे, झटका शोषणारे व्हॅरिस्टर आणि प्रत्येक फेजला फ्युजसारखा उडणारा वायरवाउंड रेझिस्टर आहे. विजेच्या दिवसांत काही पेट्यांत हे रेझिस्टर उडाले, एक-दोन व्हॅरिस्टर फुटले. ते बदलले की सप्लाय चालू. मॉस्फेट अजून कुठे गेलेला नाही. मॉडेम झोपण्याच्या तक्रारी तर या सप्लायनंतर बंदच झाल्या. आता मॉडेम झोपतो तो रिचार्ज संपल्यावर.

यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नये तेही लिहितो. ईएमआय मोजायची साधनं नाहीत. लागलंच तर मुंबईचं समीर किंवा पुण्याचं एआरएआय अशी चाचणी करणारी संस्था गाठायला लागेल आणि तिथला खर्च सँपलच्या कित्येक पट. मोबाईल-लॅपटॉपचे अ‍ॅडॅप्टर किंवा एलईडी ड्रायव्हर बनवून विकायचा विचार असेल तर ते बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात. ते काम या शेडमधून होणार नाही, काकाही स्पष्ट नाही म्हणतात. शंभर-दीडशे वॅटच्या वरचं काम ते घेतात, पण माझं मत विचाराल तर तिथे फ्लायबॅक सोडून दुसरी टोपॉलॉजी लागते आणि तो त्यांचा रोजचा रियाज नाही. वेळेबद्दल काय बोलावं? सांगितलेल्या तारखेत दोन आठवडे मनातल्या मनात मिळवा. मधे गणपती आले तर तीन.

शिकायला जायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी जा, तेव्हा गर्दी नसते. वालचंद कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात, त्यांनाही तोच कागद मिळतो. जाण्याआधी एनपीटीएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरचे आयआयएससीच्या प्राध्यापकांचे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे व्हिडिओ बघा आणि एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरवर एक फ्लायबॅक चालवून बघा, फुकट आहे. सिम्युलेशनमध्ये लीकेज शून्य ठेवू नका, दोन टक्के घाला, मग काटा दिसेल. एवढं करून गेलात तर काका मोकळेपणाने बोलतात. नुसतं "सर्किट द्या" म्हणत गेलात तर चहा मिळेल.

पैशांचं सांगतो. तीन सँपलचे सहा हजार, दोनशे नगांना नगामागे ३८५ आणि वर १८ टक्के जीएसटी. लोखंडी ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर आणि बॅटरी यांची बेरीज मला याहून जास्त पडत होती. पन्नास नगांच्या खाली ते तोंडाने नाही म्हणत नाहीत, पण भाव असा सांगतात की तुम्हीच नाही म्हणता. निम्मे पैसे आगाऊ, बिल पक्कं, यूपीआय चालतं. कुरिअरने मागवू नका. त्यांचं पॅकिंग म्हणजे पेपरात गुंडाळून खोक्यात, आणि फेराइट आपटलं की तडकतं. मी स्वतः गाडी घेऊन जातो, शेडमध्येच खोकं उघडतो, हिरवे ठिपके आणि कपॅसिटरवरचं नाव बघतो आणि मग उरलेले निम्मे देतो.